सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर?

आज बचतीचा नाही, कर्जाचाही नाही, गणिताचा विषय घेऊन आले आहे. 'गणित' म्हटल्यावर रेडिओ बंद करायला हात पुढं गेला असेल तर जरा थांबा. हा विषय पोरांचा आहे, तितकाच आपलाही आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कागल तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक संपली, सतरंजी गोळा झाली, तरी एक वहिनी मागं थांबल्या. म्हणाल्या, "ताई, पोरगी शाळंला जायचं न्हाई म्हणत्या. गणिताचा तास असला की पोटात दुखतंय म्हणत्या. आमच्या घराण्यातच गणित न्हाई बघा. मला कधी आलं न्हाई, तिच्या बाबालाबी न्हाई." पोरगी पाचवीत. वहिनींच्या मनात पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. आठवीपर्यंत ढकलायची, मग बघू.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. कारण अर्ध्या तासापूर्वी याच वहिनींनी आमच्या सचिवांची चूक काढली होती. त्यांचं कर्ज आठ हजारांचं, व्याज महिन्याला शेकडा दोन. गेल्या महिन्यात एक हजार मुद्दल फेडलं होतं. सचिवांनी सवयीनं व्याज १६० रुपये लिहिलं. वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मुद्दल आता सात हजार राहिलं की, मग व्याज एकशे चाळीस." कागद नाही, पेन नाही. हे गणित नाही तर काय आहे?

आपल्याकडच्या बायका हा हिशोब रोज करतात आणि त्याला गणित म्हणत नाहीत. गणित म्हणजे फळ्यावरचं, वहीतलं, लाल पेनानं चुकीची फुली मारलेलं, असं मनात बसलंय.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी इतर संशोधकांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. २०२५ साली तो 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. भाजी विकणारी पोरं दोन-तीन वस्तूंची वेगवेगळ्या वजनाची किंमत मनात जोडून सुट्टे पैसे बरोबर परत देत होती. पण तशाच आकड्यांची गणितं शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिली की बहुतेक अडत होती. आणि उलटही झालं. शाळेत बरी गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशोबाला अडखळली. म्हणजे दोन्हीकडं डोकं होतं, पण बाजार आणि वही यांच्यामध्ये पूल नव्हता. तो पूल घरात बांधता येतो का, तेवढंच आज बोलायचं आहे.

आधी माझी कबुली. मी बी.ए. झाले त्याचं एक कारण, तिथं गणित नव्हतं. दहावीला काठावर सुटले आणि परत त्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं. पुढं माझी मुलगी तिसरीत गेली. एका रात्री तिचा अभ्यास घेत होते. गणित होतं बावन्न वजा सत्तावीस. तिनं उत्तर लिहिलं पस्तीस. मी खोडायला लावलं. परत पस्तीस. तिसऱ्यांदाही पस्तीस आलं आणि माझा हात उठला. ती रडली नाही. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आई, मला येतच नाही, तू नको शिकवूस." ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर मी तिला विचारलं, "पस्तीस कसं काढलंस ते मला सांग." आधीच विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. मग पाचातून दोन, तीन. झाले पस्तीस." बघा, तिनं नियम पाळला होता. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' एवढं तिला पक्कं आठवत होतं आणि ते तिनं प्रत्येक रकान्यात लावलं. चूक होती, पण आळस नव्हता, मठ्ठपणा तर अजिबात नव्हता. पुढं मी आमच्या गटांतल्या मुलांच्या वह्या बघायला लागले तेव्हा हीच चूक किती तरी वह्यांत दिसली. चुकीच्या उत्तरामागं बहुतेक वेळा एक विचार असतो. तो कळल्याशिवाय दहा वेळा खोडायला लावलं तरी अकराव्यांदा तेच उत्तर येतं.

म्हणून पहिलं काम हे. उत्तर चुकलं की "चूक" म्हणायच्या आधी "कसं काढलंस?" असं विचारायचं. आणि उत्तर बरोबर असलं तरीही कधीकधी विचारायचं, नाहीतर 'आईनं विचारलं म्हणजे चुकलं' हे पोरं लगेच ओळखतात.

आता दुसरी अडचण, जी आपल्या भाषेतच दडली आहे. 'सत्तेचाळीस' म्हणा बरं. कानावर आधी काय पडलं? सात. मग चाळीस. पण लिहिताना आधी चार लिहायचे, मग सात. पहिली-दुसरीचं पोर कानावर पडलं त्या क्रमानं लिहितं आणि चौऱ्याहत्तर होतात. आपण म्हणतो, लक्ष नाही. लक्ष आहे म्हणूनच तर ऐकलं तसं लिहिलं! त्यात जोडाक्षरं. त्रेसष्ट, सदुसष्ट, पंच्याहत्तर, शहात्तर. मोठ्या माणसाची जीभ अडखळते तिथं सहा वर्षांच्या पोराचं काय? आणि ते एकोणवाले. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. ऐकू येतो तीस, लिहायचे दोन आणि नऊ. एकोणनव्वदपर्यंत हा नियम शिकवावा तर नव्व्याण्णवला तो मोडतो.

२०१९ च्या जूनमध्ये यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता, आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात', त्रेसष्टला 'साठ तीन' असं वाचायची पद्धत दिली होती. नेहमीची पद्धतही होती, पण गाजली ती नवीच. टीव्हीवर चर्चा, विधानसभेत टोमणे, मोबाइलवर विनोद. त्या वेळी बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगलाताई नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मुलांना जोडाक्षरं जड जातात, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो, म्हणून ही सोपी वाट दिली आहे. सक्ती नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत आणि इंग्रजीतही वीस आधी आणि सात नंतर असंच बोलतात.

कन्नडचं तर कागलकरांना बाहेरून सांगायला नको. निपाणी इथून हाकेच्या अंतरावर. आमच्या गटांत निम्म्या सुना कर्नाटकातून आलेल्या. त्यातल्या एकीला मी मोजायला लावलं. वीस म्हणजे इप्पत्तु, सात म्हणजे एळु, आणि सत्तावीस म्हणजे इप्पत्तेळु. सरळ वीस-सात! ती म्हणाली, मी इकडं आल्यावर बाजारात सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तरमध्ये वर्षभर गोंधळायचे. मोठी बाई, घर चालवणारी, तिचा गोंधळ झाला तर आपण हसून सोडतो. पोराचा झाला तर कान पिळतो.

मंगलाताईंबद्दल दोन शब्द जास्त बोलते, कारण आपल्या बायकांना त्या माहीत असायला हव्यात. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए., तेही पहिल्या क्रमांकानं. नंतर लग्न, परदेशातला संसार, तीन मुली. पीएच.डी. झाली १९८१ साली. म्हणजे संसार सांभाळतानाही गणित सुटलं नाही. 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' अशी पुस्तकं त्यांनी मुलांसाठी मराठीत लिहिली. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. तालुक्याच्या वाचनालयात त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर आणा, आणि नसेल तर मागणी नोंदवा.

वादात कोण बरोबर? माझं मत सांगते. बाजारात कुणी 'साठ तीन रुपये द्या' म्हणणार नाही, त्यामुळं त्रेसष्ट यायलाच हवेत. पण त्रेसष्टपर्यंत चढायला 'साठ तीन' ही पायरी चांगली आहे, ती काढून घ्यायची गरज नाही. घरी एवढंच करा. कॅलेंडरचं जुनं पान घ्या, उलट्या बाजूला संख्या लिहा आणि पोराला दोन्ही तऱ्हेनं वाचायला सांगा. "चाळीस सात, सत्तेचाळीस. सत्तर चार, चौऱ्याहत्तर." रोज दहा संख्या, झोपायच्या आधी. माझ्या मुलीचा हा गोंधळ तीन आठवड्यांत बराच कमी झाला. पूर्ण गेला असं म्हणणार नाही, एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजून कधीकधी हुलकावणी देतात.

आता काड्यांकडं या. नारळाच्या खराट्याच्या काड्या बोटाएवढ्या मोडून घ्या, शंभरभर. दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावा. बाकीच्या सुट्या ठेवा. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. यातून सत्तावीस, म्हणजे दोन जुड्या आणि सात काड्या मला दे, असं पोराला सांगा. सुट्या दोनच आहेत, द्यायच्या सात. काय करील? आमच्याकडं प्रत्येक पोरानं न सांगता एकच केलं. एका जुडीचं रबर काढलं. सुट्या झाल्या बारा, जुड्या राहिल्या चार. बारातून सात दिल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन दिल्या, दोन उरल्या. पंचवीस. यालाच शाळेत हातचा घेणं म्हणतात. आमच्या पिढीला हातचा म्हणजे वर बारीक अक्षरात लिहायचा एक आकडा एवढंच ठाऊक होतं. तो कुठून येतो ते मला पस्तिशीत खराट्याच्या काड्यांनी कळलं, हे सांगायला मला लाज नाही.

काड्यांचा खेळ आठवडाभर झाला की मग शेजारी वही ठेवायची. रबर काढलं की वहीत पाचाला काट मारून चार लिहायचे. हात आणि पेन बरोबरीनं चालले पाहिजेत. ही घाईची जागा नाही. बहुतेक आया इथं घाई करतात, काड्या म्हणजे बालवाडीतलं खेळणं असं त्यांना वाटतं. पाचवी-सहावीच्या मुलालाही हवं असेल तर काड्या घेऊ द्या. शरम वाटत असेल तर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या, काम तेच होतं.

आणि दुकानदाराची पद्धतही दाखवा. सत्तावीसचा माल, हातात बावन्न रुपये. तो वजाबाकी करत नाही, पुढं मोजत जातो. सत्तावीसला तीन घातले, तीस. वीस घातले, पन्नास. वर दोन, बावन्न. तीन, वीस आणि दोन, पंचवीस. काड्यांनी पंचवीस, वहीत पंचवीस, दुकानात पंचवीस. तिन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते एकदा बघाच. मग ते स्वतःच दुसऱ्या वाटेनं उत्तर तपासायला लागतं, 'बरोबर आहे का?' म्हणून आपल्या तोंडाकडं बघायचं कमी होतं.

शून्याची एक गंमत सांगते. एकशे पाच लिहायला सांगितले की काही मुलं १००५ लिहितात. शंभर लिहिले, पुढं पाच लिहिले. परत ऐकलं तसं लिहिलं. त्यांना शंभराची एक नोट, दहाची एकही नाही आणि रुपयाची पाच नाणी मांडायला लावा. मधल्या रिकाम्या जागेत शून्य बसतं हे दिसतं.

पाढ्यांबद्दल बायका हमखास विचारतात. पाठ करून घ्यायचे की नाही? घ्यायचे. पण आधी ओझं केवढं आहे ते पोराला दाखवा. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत, ते बघूनच पोर दमतं. आता यातून एक, दोन, पाच आणि दहाचे बाजूला काढा, ते सोपे आहेत. राहिले छत्तीस. सात आठे छप्पन्न तसंच आठ साते छप्पन्न, म्हणजे जोडीतला एकच शिकायचा. राहिले एकवीस. नवाचे तर युक्तीनं येतात. नऊ आठे किती? दहा आठे ऐंशी, त्यातून एक आठ काढा, बहात्तर. हे सहा गेले. उरले फक्त पंधरा! त्यातही चाराचा पाढा म्हणजे दोनाची दुप्पट. पंधरा गुणाकार तर दिवाळीच्या सुट्टीत खेळता खेळता होतात. हे पंधरा आम्ही एका पुठ्ठ्यावर लिहून चुलीच्या वरच्या भिंतीला लावले. भाकरी थापताना मी विचारते, ती उत्तर देते, कधी ती विचारते आणि मी चुकते.

आपल्या सासूबाईंच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. अपूर्णांकांचे पाढे ते. आता ते पाठ करायला लावा असं मी म्हणणार नाही. पण घरात ज्या आज्जी आहेत त्यांना एकदा म्हणायला लावा, पोरं थक्क होतात. आणि ते शब्द अजून आपल्या तोंडात आहेतच. पाऊणशे, सव्वाशे, पावणेदोनशे, अडीचशे. "पावणेदोनशे म्हणजे किती रुपये?" हा प्रश्न सहावीच्या मुलाला विचारून बघा. बहुतेक गडबडतात. मग एक भाकरी चतकोर-चतकोर करून समोर ठेवा. चार चतकोरांची एक भाकरी, तीन चतकोर म्हणजे पाऊण. दोन भाकऱ्यांतला एक चतकोर कमी केला की पावणेदोन. पुस्तकातला अपूर्णांक हाच.

तुमचं मूल नक्की कुठं अडलंय हे कसं ओळखायचं? 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. कार्यकर्ते गावागावांत घरी जाऊन मुलांना चारच पायऱ्यांचं गणित देतात. एक ते नऊ अंक ओळखणं, मग अकरा ते नव्व्याण्णवमधल्या संख्या ओळखणं, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, आणि शेवटी तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. तुम्हीही घरी हेच देऊन बघा, दहा मिनिटं लागतात. जिथं अडेल तिथून सुरुवात करायची, मग मूल सातवीत असलं तरी. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या साधारण तीन मुलांपैकी एकालाच ती वजाबाकी आली होती. म्हणजे तुमचं मूल जगावेगळं मागं नाही. पण दुसरी बाजूही आहे. तिसरीतली वजाबाकी तशीच राहिली तर पाचवीतला भागाकार जमत नाही, कारण भागाकाराच्या पोटात वजाबाकी आणि पाढे दोन्ही असतात. मग अपूर्णांक अडतो, मग शेकडेवारी, आणि आठवीत पोरगी म्हणते, मला शाळा नको. शाळा सुटलेल्या पोरीच्या लग्नाचा विषय घरात किती लवकर निघतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्या मातीत शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथं हातच्याच्या वजाबाकीपायी पोरगी घरी बसावी हे मला सहन होत नाही.

आता आपल्या तोंडाबद्दल. "मला पण गणित येत नव्हतं" हे वाक्य आपण पोराला धीर द्यायला म्हणतो. पोर त्यातून ऐकतं, न येणं हेच आपल्या घरचं आहे. "मुलींना गणित जडच जातं" हेही तसंच. अमेरिकेत शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभर अभ्यास केला होता, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठ घ्यायला बसत, त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि वर्षाअखेर जास्त घाबरू लागली. धास्ती असूनही जे पालक फारसं घ्यायला बसत नसत, त्यांच्या मुलांना हा त्रास झाला नाही. हे वाचून मला माझी ती रात्र आठवली. याचा अर्थ शिकवू नका असा नाही. राग येत असेल तर उठा, पाणी प्या, उद्या बसा. पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. शेवटचं गणित असं द्या जे त्याला नक्की येतं, म्हणजे वही मिटताना हात जड होत नाही. आणि भावंडांची, शेजारच्या बंड्याची तुलना नको.

शाळेत जाल तेव्हा "आमच्या पोराकडं लक्ष द्या" एवढंच म्हणून परत येऊ नका. त्यावर गुरुजी "हो" म्हणतात आणि विषय संपतो. चार पायऱ्या घरी तपासून जा आणि सांगा, "बाई, याला संख्या येतात, हातच्याची वजाबाकी अडते." वर्गात चाळीस मुलं असताना बाईंनाही असं नेमकं कळलं तर बरं पडतं. केंद्र सरकारचा 'निपुण भारत' कार्यक्रम २०२१ पासून चालू आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि साधी गणितं यावीत हेच त्याचं ध्येय आहे. तेव्हा तुम्ही काही उपकार मागत नाही.

काही मुलांचं मात्र वेगळं असतं. वाचन-बोलण्यात हुशार, पण चौथी-पाचवीतही पाच आणि आठ यांत मोठं कोण हे पटकन सांगता येत नाही, बोटांवर मोजणं सुटत नाही, घड्याळ कळत नाही, आज शिकवलेलं उद्या कोरं. महिनोन्महिने शांतपणे शिकवूनही असंच राहिलं तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळाच दिसत नसेल तर गणिताला बोल लावून काय उपयोग? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा हे आवर्जून सांगा. डोळे-कान ठीक असतील तर ती डिस्कॅल्क्युलिया नावाची शिकण्यातली अडचण असू शकते. हा वेडेपणा नाही, बुद्धीचा अभावही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. शाळेतून किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा. तपासणी तज्ज्ञच करतात, आपण घरी शिक्का मारायचा नाही.

आमच्या तीन गटांत आम्ही आणखी एक सुरू केलंय. बैठकीला मुलं येतातच, कडेला दंगा करतात. त्यांना काम दिलं. आठवड्याची जमा झालेली बचत मोजायची, नोटांचे गठ्ठे लावायचे, बेरीज करून सचिवांच्या बेरजेशी ताडून बघायची. व्याजाची उदाहरणंही देतो, पण नावं झाकून किंवा आकडे बदलून. कुणाचं किती कर्ज थकलंय हे पोरांच्या तोंडून गावभर व्हायला नको, एकदा होता होता राहिलं. या मुलांना शाब्दिक उदाहरणंही कमी जड जायला लागली असं त्यांच्या आया सांगतात. 'एका व्यापाऱ्यानं द.सा.द.शे.' असं सुरू झालं की मूल घाबरतं, पण 'वहिनींनी गटातून पाच हजार घेतले' म्हटलं की त्याला चित्र दिसतं. मग मूळ उदाहरण परत वाचायचं. गोष्ट तीच असते.

त्या वहिनींच्या पोरीचं काय झालं ते सांगते आणि थांबते. तिला आम्ही चार पायऱ्यांचं गणित दिलं तेव्हा ती वजाबाकीवर अडली, म्हणजे भागाकारापर्यंत पोचलीच नव्हती. दोन महिने काड्या, मग पुठ्ठ्यावरचे पंधरा गुणाकार. पुढं वहिनींनी तिच्याकडं दुधाचं काम दिलं. त्या डेअरीला घातलेलं सकाळ-संध्याकाळचं दूध कॅलेंडरवर लिहितात. दहा दिवसांचं बिल आलं की पोरगी कॅलेंडरवरची बेरीज करून बिलाशी लावते. समजा लिटरला ४८ रुपये आणि दूध चार लिटर, तर ती पन्नासच्या हिशोबानं दोनशे धरते आणि आठ वजा करते. तिची तिनं शोधलेली वाट आहे ती. मध्यंतरी बिलात तीन लिटर जास्त दिसले. घरात खुशी झाली, पण पोरगी म्हणाली, थांबा, आपणच एक संध्याकाळ लिहायची विसरलोय, आणि तारीख काढून दाखवली.

पोटदुखी महिन्यातून एखाद्या वेळी अजून होते. भागाकार अजून चुकतो, विशेषतः मध्ये शून्य आला की. तो दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचा असं तिनंच ठरवलंय, आणि काड्या पुरणार नाहीत म्हणून आत्तापासून गोळा करत्या.